हिंगणीच्या रिसीव्हरमधले काटे

मी निवृत्त झालो तेव्हा निरोपाच्या भाषणात आमचे साहेब म्हणाले, "यांनी उभं आयुष्य संदेश पोहोचवण्यात वेचलं." साहेब मोठ्या मनाचे होते आणि माझं काम काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. संदेश इतरांनी पोहोचवले. मी उभं आयुष्य खरखर शोधण्यात घालवलं.

सरकारी बिनतारी यंत्रणेत मी तंत्रज्ञ होतो. कुठल्या केंद्रावर नीट ऐकू येईनासं झालं की मला पाठवत. सेट बिघडला असेल तर दुरुस्त करायचा. पण बरेचदा सेट धडधाकट असे आणि आसपासचं कोणीतरी हवेत घाण करत असे. कोणाचं वेल्डिंग, कोणाची पिठाची गिरणी, कोणाचा म्हातारा पंखा. तो कोण हे हुडकायचं, आणि मग त्याला न दुखावता सांगायचं. हुडकणं सोपं असतं.

या धंद्यात एक नियम लवकर कळतो: तक्रार करणाऱ्याच्या घरापासून सुरुवात करावी. अल्लीपूरचे एक कापड दुकानदार होते. त्यांच्या दुकानातला रेडिओ दुपारभर खरखरायचा आणि समोरचा शिंपी हे मुद्दाम करतो अशी त्यांची खात्री होती. मी शिंप्याची मशीन बंद करवली. खरखर तशीच. मग दुकानदारांच्याच गल्ल्यामागचा पंखा बंद केला आणि रेडिओ एकदम स्वच्छ बोलू लागला. त्यांच्या पंख्याचा रेग्युलेटर ठिणग्या टाकत होता. दुकानदारांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "पंखा राहू द्या. रेडिओ नाई लावत मी." मी विचारलं, मग शिंप्याशी भांडण? तर म्हणाले, "ते राहू द्या न जी. ते रेडिओच्या आधीचं आहे."

वडनेरचे एक निवृत्त मुख्याध्यापक तर त्याहून पुढचे. त्यांना आपल्या रिसीव्हरवर अंतराळातून येणारा एक अखंड सूर सापडला होता. तो त्यांच्या मोबाइलच्या चार्जरमधून येत होता. चार्जर काढून पाहा, असं मी सुचवलं. ते म्हणाले, "चार्जर कसा काढू? सकाळपासून सगळ्यांना या सुराचंच कळवून राह्यलो, फोनची बॅटरी उतरली आहे."

निवृत्तीनंतर वाटलं, खरखर संपली. पण आता नवे रिसीव्हर आले आहेत. आमच्या काळचा चांगला रिसीव्हर उचलायला दोन माणसं लागत आणि तो ठेवायला टेबल मजबूत लागे. आजचा अंगठ्याएवढा असतो. तो लॅपटॉपला खोचायचा, मागून अँटेना जोडायची, आणि निवडण्या-गाळण्याचं काम संगणकातला प्रोग्रॅम करतो. पूर्वी जे कानांनी ऐकायचं ते आता डोळ्यांनी पाहायचं. पडद्यावर खाली गवतासारखी एक थरथरती रेघ असते. तो हवेतला नेहमीचा गलबला. त्या गवतातून जिथे काही वर येतं, तिथे कोणीतरी बोलत असतं. पण कधीकधी गवतातून सरळसोट काटे उगवतात, ज्यांत कोणीच बोलत नसतं. या काट्यांमागे माणसं वेडी होतात. मग त्यांना कोणीतरी माझा नंबर देतं.

असाच एक फोन हिंगणीहून आला. मेश्राम मॅडमचा. त्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण कॉलेजला ते फारच आवडतं. हवामानाचा एक उपग्रह रोज आपल्या डोक्यावरून जातो आणि जाताजाता खालच्या ढगांचं चित्र सगळ्यांसाठी मोकळ्या हवेत सोडत जातो. ज्याच्याकडे साधी अँटेना आहे त्याने ते पकडावं. मॅडमनी विद्यार्थ्यांना घेऊन हे जमवलं होतं. शहराच्या गलबल्यापासून दूर म्हणून कॉलेज चालवणाऱ्या संस्थेची हिंगणीजवळची एक पत्र्याची खोली त्यांनी मागून घेतली. चित्रं सुरेख येत होती. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग ही गोष्ट संस्थेच्या अध्यक्षांना कळली.

"काका," मॅडम फोनवर म्हणाल्या, "परवा उद्घाटन आहे, आणि चार दिवसांपासून चित्रात नुसते काळे पट्टे येऊन राह्यले."

"कशाचं उद्घाटन? ते तर चालूच आहे ना?"

"चालू आहे म्हणूनच उद्घाटन आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हिंगणीला पोहोचलो. पत्र्याच्या खोलीचं आता 'अंतराळ व अवकाश संशोधन केंद्र' झालं होतं. अंतराळ आणि अवकाश यांत फरक काय हे मी विचारलं नाही. दारावर एक भली लांब विजेची पाटी लावली होती, जिच्यावर लाल अक्षरं उजवीकडून डावीकडे सरकत जातात. केंद्राचं नाव थोडक्यात सरकून जाई, मग अध्यक्षांचं नाव येई. नावाच्या आधी शिक्षणमहर्षी, कृषिमित्र, समाजरत्न आणि आणखी बरंच काही असल्यामुळे प्रत्यक्ष नाव यायला वेळ लागे. भर उन्हात ती पाटी लखलखत होती.

दारात कॉलेजचे प्राचार्य उभे होते. त्यांनी नमस्काराऐवजी निकालच दिला. "दोष सापडला आहे," असं म्हणून त्यांनी शेजारच्या वावराकडे बोट दाखवलं. "ते कुंपण."

शेजारी कमलबाई थूल यांचं हरभऱ्याचं वावर होतं. हरभरा घाट्यात आला होता. बोर अभयारण्याच्या जंगलालगत घाट्यात आलेला हरभरा म्हणजे रानडुकरांना जेवणाचं आमंत्रणच. कळप शिरला की एका रात्रीत वावर नांगरल्यासारखं होतं. म्हणून इकडे झटका मशीन लावतात. एक छोटी सौर पेटी कुंपणाच्या तारेत टक, टक असा झटका सोडत राहते. डुक्कर मरत नाही. नाक लावतं, किंचाळतं आणि दुसऱ्याच्या शेतात जातं. कमलबाईंचं कुंपण चार दिवसांपूर्वी चालू झालं होतं. काळे पट्टेही चार दिवसांपूर्वीच सुरू झाले होते. प्राचार्यांना एवढा पुरावा पुरे होता.

कमलबाई कुंपणापलीकडे विळा घेऊन उभ्या होत्या. साठीच्या असाव्यात. मला पाहून त्या म्हणाल्या, "तुमीच का जी मशीनवाले? पाहा बावा काय ते. हे साहेब म्हणतेत, आज संध्याकाळपासून झटका बंद ठेव. मी म्हटलं, ठिवते. तुमी रात्रभर वावरात बसता का अन् डुकराले भाषण देता का?"

"बाई, हा देशाच्या विज्ञानाचा प्रश्न आहे," प्राचार्य म्हणाले.

"मंग देशाच्या वावरात करा न."

मी लॅपटॉपसमोर बसलो. अँटेना म्हणजे गच्चीवर कपडे वाळत घालायच्या सांगाड्यासारख्या दोन जोड्या दांड्या. पडद्यावर गवत होतं आणि काटे होते. नीट पाहिल्यावर ते तीन जातींचे निघाले. पहिला काटा पडद्याच्या बरोबर मध्यभागी ताठ उभा. मी फ्रिक्वेन्सी बदलून रिसीव्हर इकडे सरकवला, काटाही इकडे. तिकडे सरकवला, तिकडे. मग अँटेनाच उपसून काढली. तरी तो मध्यभागीच. अँटेना काढल्यावरही जो जात नाही तो काटा बाहेरून येतच नाही, तो रिसीव्हरच्या पोटातला असतो. या जातीच्या रिसीव्हरला तो असतोच. आकाशात काही असो नसो, हा आपला मधोमध उभा. ग्रुप फोटोत असे लोक असतात. त्याच्यावर इलाज एवढाच की आपल्याला हवं ते थोडं बाजूला घेऊन ऐकायचं. मॅडमनी ते आधीच केलं होतं.

दुसरी जात म्हणजे ठरावीक अंतराने अख्ख्या पडद्यावरून आडवी जाणारी फिकट रेघ. टक, टक. मी म्हणालो, "हा कुंपणाचा ठोका आहे."

"पाहिलंत!" प्राचार्य ओरडले आणि त्यांनी तिथल्या तिथे सरपंचांना फोन लावला. तज्ज्ञांनी निदान केलं आहे, असं सांगितलं. तिसऱ्या जातीबद्दल मी बोलणार होतो, पण निदान माझ्या पुढे निघून गेलं होतं.

मी कमलबाईंना घेऊन कुंपणाच्या कडेने चालू लागलो. चांगलं कुंपण रेडिओला फारसा त्रास देत नाही; कुठेतरी तारेची वीज गळते आणि ठिणगी पडते तेव्हा ते बोंबलतं. नाल्याकडच्या कोपऱ्यात तार खांबाला धरून ठेवणारी प्लास्टिकची गुंडी फुटली होती आणि तारेवर ओला वेल चढला होता. कान दिला तर चटचट ऐकू येत होतं.

"बाई, तुमची अर्धी वीज हा वेलच खाऊन राहिला आहे."

"असं का! म्हून म्हटलं, काल एक डुक्कर तारेले लागून नुसतं इचार करत उभं राह्यलं."

त्यांनी मशीन बंद करून वेल कापला, फुटकी गुंडी बदलली, मशीन पुन्हा लावली. परत येऊन पडदा पाहिला तर आडव्या रेघा जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. कमलबाई म्हणाल्या, "झालं का मंग? ठिवू का चालू?"

झालं नव्हतं. तिसरी जात तशीच होती: सारख्या अंतरावर ओळीने उभे काटे, फणीच्या दातांसारखे. आणि हेच मुख्य होते. दुपारचा उपग्रह येऊन गेला आणि चित्रात पुन्हा काळे पट्टे. प्राचार्य म्हणाले, "कुंपण अजून चालू आहे, पट्टे अजून आहेत. विषय संपला."

कमलबाईंनी विळा खाली ठेवला. विनोद करणाऱ्या बाईचा चेहरा असा उतरलेला पाहवत नाही. त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, एवढंच वावर आहे. आज झटका बंद झाला त उद्या इथं काय राहीन, मले माहीत आहे."

मी म्हणालो, एकेक वस्तू बंद करू. या धंद्यात याहून मोठी विद्या नाही. फ्रिज बंद केला. ट्यूबलाइट, पंखा, इन्व्हर्टर, वायफाय, सगळ्यांचे चार्जर. लॅपटॉप बॅटरीवर. खोली अंधारी झाली, उकडू लागलं, आणि काटे जिथल्या तिथे.

"सगळं बंद आहे," प्राचार्य अंधारातून म्हणाले. "म्हणजे कुंपणच."

"सगळं बंद नाही, सर," मी म्हणालो.

बाहेर दिवस मावळत आला होता. दारातून लाल उजेड आत येत होता आणि जमिनीवरून समाजरत्न सरकत चाललं होतं. मी पडद्याकडे पाहिलं. काटे सारखे नव्हते; खालीवर होत होते. केंद्राचं नाव जाताना बुटके. मग थोडा अंधार, काटेही बसलेले. मग शिक्षणमहर्षीबरोबर उठायला लागत, कृषिमित्राला आणखी, आणि प्रत्यक्ष नाव आलं की शिगेला पोहोचत. जितकी अक्षरं जास्त, तितके दिवे जास्त, तितकी त्या पाटीच्या स्वस्त पॉवर सप्लायची बोंब जास्त. ती पाटीही चार दिवसांपूर्वीच आली होती.

"पाटी एक मिनिट बंद करून पाहू," मी म्हणालो.

"पाटी सोडून काहीही सांगा," प्राचार्य म्हणाले. "अध्यक्षसाहेबांचा हुकूम आहे, लागल्यापासून कार्यक्रम संपेपर्यंत बंद व्हायची नाही. ते मधूनमधून व्हिडिओ कॉल करून बघतात."

म्हणून मी दुसरी युक्ती केली. छोटी अँटेना हातात धरून लॅपटॉपसह कुंपणाकडे गेलो. काटे लहान झाले. पाटीकडे आलो, काटे पडद्याबाहेर गेले. हे मी प्राचार्यांसमोर पुन्हा केलं. कमलबाईंनी तर मला तिसऱ्यांदा करायला लावलं आणि दरवेळी मोठ्याने "अगं बाई!" म्हणाल्या.

प्राचार्य विद्वान गृहस्थ होते, त्यांना कळलं. पण कळणं आणि मान्य करणं यांच्यात त्यांची नोकरीची मुदतवाढ उभी होती. ते म्हणाले, "ठीक आहे. कुंपण तुमच्या जबाबदारीवर आज चालू राहू द्या. पण पाटीला हात लावायचा नाही. आणि उद्या साहेबांसमोर चित्र बिघडलं तर मी अर्ज करून हे कुंपण कायमचं काढायला लावीन."

म्हणजे पाटी चालू ठेवून चित्र स्वच्छ यायला हवं होतं. हे होणार नव्हतं. पाटीची वीज पुरवणारी तार मी फेराइटच्या कड्यांतून ओवून पाहिली. तशा कड्यांनी अशी खरखर अडते. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. मॅडम आणि मी खोलीत डोकं धरून बसलो. टेबलावर मखमलीची एक पेटी होती, तिच्यावर मोठं लाल बटण.

"हे काय?"

"साहेब हे दाबून चित्रग्रहणाचा शुभारंभ करणार," मॅडम म्हणाल्या.

"ते कशाला जोडलं आहे?"

"कशालाच नाही, काका. उपग्रह आपोआपच येते."

आम्ही दोघांनी एकाच वेळी पाटीकडे पाहिलं.

इलेक्ट्रिशियनला बोलावलं. वायर टेबलाखालून गालिच्याखाली घेतली. प्राचार्य मध्येच आत आले, वायर पाहिली, आमच्याकडे पाहिलं. "मला काही सांगू नका," असं म्हणून ते ज्या घाईने बाहेर गेले, त्यावरून त्यांना सगळं समजलं होतं हे उघड होतं.

उद्घाटनाला मांडव, हार, सनई, सगळं होतं. खुर्च्यांची तोंडं लॅपटॉपला जोडलेल्या मोठ्या पडद्याकडे, पाटी सगळ्यांच्या पाठीमागे. कमलबाई धुतलेलं इस्त्रीचं लुगडं नेसून पहिल्या रांगेच्या टोकाला बसल्या. त्यांना बोलावलेलं नव्हतं, पण उठवायची हिंमत कोणाला झाली नाही. अध्यक्ष बोलायला उठले. भाषण संस्थेच्या स्थापनेपासून सुरू झालं. उपग्रह मात्र स्थापनेपासून सुरू करत नाही. तो वेळेवर उगवतो आणि दहाबारा मिनिटांत मावळतो, समोर कोणी का असेना. मॅडम घड्याळ पाहू लागल्या. प्राचार्य घाम पुसू लागले. मोठ्या पडद्यावर काट्यांची फणी नाचत होती आणि तिच्यातून उपग्रहाचा उंचवटा नुकता वर येऊ लागला होता. भाषण अजून पहिल्या इमारतीच्या पायाशी होतं.

तेव्हा कमलबाई उभ्या राहिल्या. "ओ भाऊ," त्या माइकशिवाय म्हणाल्या, "ते येऊन राह्यलं न वरतून. दाबा न लवकर, मंग बोला."

अध्यक्षांनी आयुष्यात बऱ्याच गोष्टी ऐकल्या असतील, पण ही नसावी. ते घाईघाईने खाली आले आणि त्यांनी बटण दाबलं.

काटे गेले. सगळे एकदम, सापाने मान खाली घ्यावी तसे. सपाट गवत उरलं आणि त्यात उपग्रहाचा उंचवटा स्वच्छ, रुंद, एकटा. लोकांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. बटण दाबून साहेबांनी उपग्रह ओढून आणला, असाच सगळ्यांचा समज झाला, आणि सर्वांत जास्त साहेबांचा. पडद्यावर वरून खाली चित्र उलगडू लागलं: हिमालयाचा पांढरा काठ, मग तपकिरी पठार, एकही काळा पट्टा नाही. नीट पाहिलं तर साहेबांच्या शुभारंभाचा अर्थ इतकाच होता की त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव बंद केलं होतं. चांगल्या कार्याला याहून मोठी मदत फार थोड्या अध्यक्षांनी केली असेल.

मग फोटोसाठी सगळे मागे वळले. पाटी काळीठिक्कर.

"पाटी काऊन बंद आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

मी गालिच्याकडे पाहिलं. प्राचार्य पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, "सर, उपग्रह डोक्यावर असेपर्यंत पाटी बंद ठेवायची जगभर पद्धत आहे. त्याच्या सन्मानार्थ." हे त्यांचं मी ऐकलेलं पहिलं शास्त्रशुद्ध विधान, आणि ते त्यांनी थाप म्हणून मारलं होतं.

अध्यक्षांनी क्षणभर विचार केला. मग गंभीरपणे मान हलवली. "पद्धत आहे तर पाळलीच पाहिजे. यापुढे दरवेळी हे बटण दाबूनच सुरुवात करा."

"अन् माहं कुंपण?" मागून कमलबाई.

"कुंपणाचं काय?"

"काही नाही, सर," प्राचार्य चटकन म्हणाले. "फार उत्तम कुंपण आहे."

तेव्हापासून तिथे उपग्रहाच्या वेळी कोणीतरी मखमलीच्या पेटीवरचं बटण दाबतं आणि पाटी विझते. पाहुणा आला तर मान त्याचा. मी साधं सांगून पाहिलं असतं तर त्या पाटीला कधीच कोणी हात लावला नसता. शिष्टाचार झाल्यावर ती न चुकता बंद होते. मला हे चाळीस वर्षं आधी कळलं असतं तर बरीच भांडणं वाचली असती.

थोडं वाईटही वाटतं. मी नोकरीला लागलो तेव्हा हिंगणीच्या बाजूला सेट लावला की इतकी शांतता असे की स्वतःच्याच सेटवर संशय यायचा. आता प्रत्येक दिवा, प्रत्येक चार्जर, प्रत्येक पाटी काहीतरी बोलत असते, आणि कोणालाच काही सांगायचं नसतं.

हरभरा वाळायच्या आधी कमलबाईंनी मॅडमबरोबर माझ्यासाठी पिशवीभर ओले घाटे आणि निरोप पाठवला, येजो म्हणून. मी गेलो. मॅडमनी त्यांना उद्घाटनाचं ते चित्र छापून दिलं होतं. त्या ते उन्हात धरून बराच वेळ निरखत होत्या.

"यात माहं वावर कुठं आहे जी?"

"दिसणार नाही, बाई. तिथून अख्खा जिल्हा नखाएवढा दिसतो."

त्यांनी चित्र घडी करून ठेवलं आणि कुंपणापलीकडे जंगलाकडे पाहिलं.

"एवढ्या उंचावर चढून फायदा काय मंग? डुकराले त बरोबर दिसते."